जुना हॉर्न की कोरा?

हॉर्न मुळात लेकीचा, आणि तोही भाड्याचा. इथे ओहायोत मुलं पाचवी-सहावीत शाळेच्या बँडसाठी एखादं वाद्य धरतात आणि आईबाप दुकानाशी महिन्याच्या भाड्याचा करार करतात. लेकीने सगळं सोडून फ्रेंच हॉर्न मागितला, दीड वर्ष वाजवला आणि एका सप्टेंबरात फुटबॉलपायी टाकून दिला. कराराचे सात महिने उरले होते. भरलेलं भाडं वाया जाऊ द्यायचं नाही, या सांगलीच्या शिस्तीपोटी मी एका रविवारी ती पेटी उघडली. पहिली फुंक मारली तेव्हा शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

त्याला आता नऊ वर्षं झाली. क्लीव्हलंडच्या एका उपनगरातल्या हौशी बँडमध्ये मी चौथा हॉर्न वाजवते. पहिला आणि तिसरा वरचे सूर घेतात, दुसरा आणि चौथा खालचे. सूझा या अमेरिकन संगीतकाराच्या मार्चमध्ये ट्यूबा ‘उम’ म्हणतो आणि आम्ही चौघं ‘पा’. संध्याकाळभर नुसतं ‘पा’. पण हिवाळ्याच्या कार्यक्रमात एखादी संथ रचना येते, चारही हॉर्न एकदम उघडतात, आणि त्या पाच-दहा ओळींसाठी मी वर्षभराचे ‘पा’ आनंदाने सोसते.

इतकी वर्षं मी बँडच्याच मालकीचा एक डबल हॉर्न वापरत होते. गेल्या वर्षी तो एका कॉलेजातल्या पोराला द्यायचं ठरलं. योग्यच होतं ते. मला मात्र स्वतःचा हॉर्न बघणं भाग पडलं.

हॉर्न म्हणजे गुंडाळलेली नळी. एफ या सुराच्या बाजूची सरळ केली तर बारा फुटांच्या आसपास भरेल, बी-फ्लॅट या सुराच्या बाजूची नऊ. डबल हॉर्नमध्ये या दोन्ही एकाच सांगाड्यात बसवलेल्या असतात आणि अंगठ्याच्या व्हॉल्व्हने एकीतून दुसरीत जाता येतं. एकही व्हॉल्व्ह न दाबता, निव्वळ ओठांच्या ताणावर जे सूर निघतात ते तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेत ऐकू येणारेच: सा, पुन्हा सा, मग प, मग वरचा सा, मग तो स्वयंभू गंधार. वर जावं तसे हे सूर एकमेकांना खेटून यायला लागतात. तिथे हॉर्नवाल्याची गत संध्याकाळच्या विरार लोकलमधून आपल्याच माणसाचा खांदा शोधणाऱ्यासारखी होते. ओठ केसभर हलला की शेजारच्याचा खांदा हाती. म्हणून हॉर्नचा सूर फाटतो, भल्याभल्यांचा फाटतो. बी-फ्लॅटची आखूड नळी त्यावरच शोधलेला इलाज आहे. तिच्यात हे सूर जरा सुटे पडतात.

माझा विचार सरळ होता. नवा घ्यायचा, हप्ते लावायचे, डोक्याला ताप नाही. पण आमच्या पहिल्या हॉर्नवर एक निवृत्त पोस्टमन आहेत, ऐंशीच्या घरातले. ते म्हणाले, “नवा घ्याच, पण त्याआधी एकदा एल्कहार्टचा वाजवून बघा.”

एल्कहार्ट हे इंडियाना राज्यातलं गाव, आमच्यापासून गाडीने चारेक तासांवर. तिथे सी. जी. कॉन या गृहस्थांनी १८७०च्या दशकात वाद्यांचा धंदा सुरू केला. हाणामारीत ओठ फुटला म्हणून त्यांनी स्वतःसाठी रबराच्या कडेचं माउथपीस करून पाहिलं आणि त्यातून पुढे कारखाना उभा राहिला, असं सांगतात. या कारखान्याने १९३०च्या दशकात ‘८डी’ नावाचा हॉर्न काढला. मूळ आराखडा जर्मनीतल्या एरफुर्टच्या क्रुस्पे या हॉर्न बनवणाऱ्यांचा. तो अमेरिकेत रुळवला फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राच्या अँटन हॉर्नर यांनी. (हॉर्न वाजवणाऱ्याचं आडनाव हॉर्नर, आपल्याकडे तबलजीचं आडनाव डग्गे असावं तसं.) रुंद घशाची मोठी बेल (म्हणजे हॉर्नचं कर्ण्यासारखं तोंड), धातू निकेल सिल्व्हर, आवाज गडद आणि घनदाट. पुढे फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क आणि आमचं क्लीव्हलंड इथे याच हॉर्नचा दबदबा होता. संगीत दिग्दर्शक जॉर्ज सेल यांच्या काळात क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राचे मुख्य हॉर्नवादक मायरन ब्लूम ८डी वाजवायचे, त्यामुळे आमच्या गावात तरी हा हॉर्न म्हणजे घराण्याचा प्रश्न आहे. शिकागोवाल्यांचं घराणं वेगळं. त्यांच्याकडे कार्ल गायर या कारागिराच्या धाटणीचे हॉर्न, ज्यात अंगठ्याचा व्हॉल्व्ह तिसऱ्याच्या पलीकडे, ओळीत बसवलेला असतो. जर्मनीत मुख्यतः माइन्त्सच्या अलेक्झांडर यांचा १०३. तो माझ्या खिशाबाहेरचा, म्हणून त्याचं नाव इथेच घेऊन ठेवते.

१९७०च्या सुमाराला कॉनचं काम एल्कहार्टहून टेक्सासला हललं. तेव्हापासून हॉर्नवाल्यांमध्ये ‘एल्कहार्टचा’ हा शब्द आपल्याकडे ‘देवगडचा’ म्हणतात तसा वापरला जातो, आणि हापूसच्या पेट्यांइतक्याच शंकेने तपासलाही जातो. अनुक्रमांकाआधीचं अक्षर बघतात. ‘एन’च्या आधीचं असेल, म्हणजे हॉर्न एल्कहार्टचा, तर विकणाऱ्याचा आवाज चढतो.

मी पाहिलेला पहिला जुना हॉर्न ८डी नव्हताच. कोणाचा होता ते सोडा. पितळी होता, फोटोत सुरेख दिसत होता, किंमतही बेताची. प्रत्यक्षात माउथपीसला लागून असते त्या नळीवर करड्या ठिपक्यांभोवती गुलाबी वलयं दिसली. पितळेतलं जस्त आतून निघून जातं आणि मागे नुसतं पोकळ तांबं उरतं, त्याची ही खूण. वर्षानुवर्षं फुंकेतला ओलावा आत राहिला आणि कोणी धुतलं नाही की हे होतं. शब्दशः पितळ उघडं पडलं होतं. मी आभार मानले आणि घरी आले.

मग नव्यांच्या दुकानात गेले. दुकानदारबाईंनी मला आवाज कोंडणारी एक खोली दिली, तीन हॉर्न टेबलावर ठेवले आणि दार लावून घेतलं. त्यातला यामाहाचा ६६८ मला सर्वांत आवडला. हाही क्रुस्पे धाटणीचा, निकेल सिल्व्हरचा, म्हणजे ८डीचाच धाकटा चुलतभाऊ. त्यावर सूर खाचेत बसावा तसा बसायचा. मी स्वतः ज्या सुरांना घाबरते ते एकामागून एक वाजवून बघितले आणि दहात आठ वेळा बरोबर लागले. माझ्या हिशेबात हे प्रमाण थोर आहे. व्हॉल्व्ह लोण्यासारखे. किंमत मात्र साडेसहा हजार डॉलर, वर कर.

अडचण एकच होती, ती माझ्या हाताची. हॉर्नचा सगळा भार डाव्या हातावर. अंगठा एका व्हॉल्व्हवर, तीन बोटं तीन कळांवर आणि करंगळी एका आकड्यात अडकवलेली. माझा पंजा लहान. करंगळी त्या आकड्यापर्यंत पोचवली की तिसरं बोट ताणलं जातं आणि वीस मिनिटांनी मनगट कुरकुरायला लागतं. बँडच्या जुन्या हॉर्नवरही हेच होत होतं, मी सवयीने चालवून घेत होते. दुकानदारबाई म्हणाल्या, आकडा सरकवून देता येईल, आमचा माणूस डाख काढून पुन्हा लावेल. ते ठीकच होतं. तरी कोऱ्या करकरीत वाद्याला पहिल्याच आठवड्यात डाख मारायचा, या कल्पनेने माझं मन मागे सरलं. नव्या साडीला दुकानातच रफू करून घ्यावं तसं.

पोस्टमनकाकांनीच पत्ता दिला म्हणून अ‍ॅक्रनच्या बाजूला एका निवृत्त बँडशिक्षकांकडे गेले. तळघरात कोळी आणि मार्चच्या नोटेशनचे गठ्ठे, आणि मधल्या टेबलावर पेटी. झाकण उघडलं तर आतून असा वास आला की आजीच्या माळ्यावर उभी असल्यासारखं वाटलं: जुनी मखमल, तेल, जराशी बुरशी. बेलवर कोरलेलं: सी. जी. कॉन, एल्कहार्ट. अक्षर ‘एल’, म्हणजे साठच्या दशकाचा उत्तरार्ध. उजवा हात बेलमध्ये राहतो तिथली लॅकर पार झिजलेली. तळाशी मूठभर पोचा, कोणीतरी ठोकून बाहेर काढलेला, पण प्रकाशात तिरकं धरलं की दिसणारा.

मी लगेच वाजवला नाही. पोस्टमनकाकांनी शिकवून ठेवलं होतं. व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड, म्हणजे सरकणारी नळी, ओढून बाहेर काढायची, दहा आकडे मोजायचे आणि मग कळ दाबायची. व्हॉल्व्ह घट्ट असेल तर आत हवा अडते आणि बाटलीचं बूच निघाल्यासारखा ‘पॉप’ येतो. पहिल्याला आला. दुसऱ्याला खणखणीत आला. तिसऱ्याला नुसता सुस्कारा. शिक्षक माझ्याकडे बघत होते. म्हणाले, “तिसरा गळतो हे मला माहीत आहे. तुम्हाला कळतं का, एवढंच बघायचं होतं.”

मग वाजवला. खालच्या सुरांवर आधी, कारण तेच माझं काम.

त्या आवाजाचं वर्णन मी खूपदा करून बघितलं, जमलेलं नाही. एवढंच सांगते: दुकानातल्या हॉर्नवर सूर माझ्या पुढे उभा राहत होता, इथे तो माझ्या आजूबाजूला होता. हळू वाजवला तरी पातळ होत नव्हता. जोरात वाजवला तर फार उशिरापर्यंत पत्र्यासारखा कर्कश होत नव्हता. पण वर गेले आणि पंचाईत झाली. खाचाच सापडेनात. वरच्या टप्प्यातला एक सूर चढा, त्याच्या शेजारचा उतरलेला, आणि दोन्ही उजव्या हाताने बेलमध्ये सावरायचे. दहात पाच लागले असतील. शिवाय फुंक किती खातो! दहा मिनिटांत मला गरगरायला लागलं.

त्या रात्री सांगलीला फोन. बाबा आयुष्यभर तंबोऱ्यावर बसलेले, मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीत त्यांचं सगळं तारुण्य गेलं. मला वाटलं ते जुन्याच्या बाजूने बोलतील. ते म्हणाले, “तंबोरा जुना घ्यावा, कारण भोपळा आणि लाकूड वाळतं, बोलतं व्हायला वर्षं जातात. तुझा तर धातू. तो काय वाळतो?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. थोडं थांबून ते म्हणाले, “आणि जवारी कोण लावणार, ते आधी बघ. चांगल्या तंबोऱ्याची वाईट जवारी असली तर डोकं उठतं.” (जवारी लावणं म्हणजे घोडी घासून तारांचा आवाज खुलवणं.)

शिक्षकांनी हॉर्न आठवडाभर घरी न्यायला दिला, पाचशे डॉलर अनामत ठेवून. दुकानानेही ६६८ तेवढेच दिवस दिला. दिवाणखान्यात दोन पेट्या शेजारी शेजारी. नवऱ्याने पहिल्या दिवशीच विचारलं, “दोन्ही घेणार नाहीयेस ना?”

घरात एक परीक्षा घेतली. नवरा आणि लेक पाठ करून बसले, मी दोन्ही हॉर्न आलटून पालटून सहा वेळा तीच धून वाजवली. नवऱ्याने तीनदा बरोबर ओळखलं, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढंच. लेकीने पाचदा ओळखलं, पण तिने नंतर कबूल केलं की जुन्याच्या कळा खाली जाताना टकटक वाजतात, त्यावरून. तालमीच्या हॉलमध्ये फोन मागच्या भिंतीशी ठेवून ध्वनिमुद्रण केलं. तेही ऐकलं. मला स्वतःला खात्रीने सांगता येईना की हा कोणता. हे लिहिताना थोडी लाज वाटते, कारण जुन्या हॉर्नवर बोलणारे लोक आवाजाबद्दल शपथेवर बोलतात. श्रोत्यांसाठी फरक असलाच तर फार थोडा होता. जो काही होता तो माझ्या कानाशी, ओठांशी आणि फार तर शेजारच्या तिसऱ्या हॉर्नशी.

मग तीन हजार डॉलर वाचवायला तरी जुना घ्यावा का? तोही हिशेब मी मांडला. बाबांचं ‘जवारी’ डोक्यात होतं, म्हणून हॉर्न आधी दुरुस्तीवाल्याकडे नेला. हा माणूस फक्त पितळी वाद्यांची कामं करतो. दुकानाच्या मागे एक लांब खोली, भिंतीवर लाकडी साचे आणि हातोड्या. त्याने व्हॉल्व्हची टोपी उघडून आतल्या खुणा दाखवल्या. दांड्यावरची रेघ आणि पट्टीवरच्या दोन खाचा जुळल्या नाहीत तर आतली भोकं अर्धवट उघडतात आणि फुंकेला उंबरठा लागतो. दोन व्हॉल्व्हना जागेवर थांबवणारे बुचाचे तुकडे चेपून गेले होते, म्हणून खुणा जुळत नव्हत्या. वरच्या सुरांच्या खाचा हरवल्या होत्या त्याचं निम्मं कारण हे. नखाएवढा बुचाचा तुकडा! त्याने ब्लेडने नवे कापून बसवले, पुन्हा रेघ बघितली, पुन्हा केसभर कापलं. मग कळांची दोरी बदलली. या हॉर्नमध्ये कळ आणि व्हॉल्व्ह जोडतो तो धातूचा सांधा नसून दोरीचा फेरा असतो, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा गुंडाळलेला, एका टोकाला गाठ आणि दुसऱ्याला स्क्रूखाली दाबलेला. “ही तुम्हाला स्वतःला बांधता आली पाहिजे,” तो म्हणाला आणि मला तिथेच चारदा बांधायला लावली.

बाबांचा प्रश्न मी त्यालाच विचारला. धातू वाळतो का? तो हसला. म्हणाला, माझ्या मते नाही. वाईट हॉर्न लोकांनी चाळीस वर्षांपूर्वीच भंगारात घातले, चांगले सांभाळले, म्हणून आज जुने सगळे चांगले वाटतात. मला हे उत्तर फार आवडलं. बाबांनाही आवडलं, पण तंबोऱ्याला ते लागू नाही असं त्यांनी ताबडतोब बजावलं.

तिसऱ्या व्हॉल्व्हवर मुलामा चढवून तो पुन्हा घोटून बसवावा लागेल, आज नाही तर दोन-तीन वर्षांनी. बाकी नळ्या आतून स्वच्छ, जस्त जागेवर. आत्ताचं काम सहाशे डॉलर, धुण्यासकट. हे सगळं सांगून झाल्यावर त्याने हॉर्न उलटा धरला आणि करंगळीच्या आकड्याखाली बोट ठेवलं. तिथे डाखेचा एक जुना, सपाट केलेला ओरखडा होता. आकडा मूळ जागेवर नव्हता. कोणीतरी तो कधीतरी काढून कळांच्या बाजूला बोटभर सरकवला होता. “हा कोणातरी लहान हाताच्या माणसाचा हॉर्न आहे,” तो म्हणाला.

आठवडाभर मी वाजवत होते आणि मनगट दुखलं नव्हतं. मला ते लक्षातच आलं नव्हतं! दुखणं असलं की कळतं, नसलं की कोण मोजतो. शिक्षकांना फोन करून विचारलं, तर त्यांनी तो १९८०च्या सुमारास असाच आकड्यासकट घेतला होता. त्यांच्या आधी कोण, त्यांना माहीत नव्हतं.

बुचं बदलल्यावर मी पुन्हा तेच घाबरायचे सूर वाजवले. दहात सात. नव्यावर आठ होते. चौथ्या हॉर्नला ते सूर वर्षातून किती वेळा येतात याचा हिशेब केला, तर गेल्या दोन वर्षांच्या कार्यक्रमांत मिळून चार जागा निघाल्या. चार जागांसाठी मी नवा हॉर्न घ्यायला निघाले होते, आणि उरलेल्या सगळ्या संध्याकाळी मला खालच्या सुरांत राहायचं होतं, दुखऱ्या मनगटाने. मी पहिला हॉर्न असते तर बहुधा ६६८च घेतला असता. आजही कोणी वरचा सूर वाजवणारं विचारायला आलं तर तोच आधी वाजवून बघा म्हणते.

६६८ दुकानात परत दिला. दुकानदारबाईंनी तोंड वाकडं केलं नाही, उलट पोस्टमनकाकांना नमस्कार सांगा म्हणाल्या. त्यांना सगळं माहीत होतं.

शिक्षकांनी चौतीसशे सांगितले होते. मी दुरुस्तीवाल्याचा कागद दाखवला आणि अठ्ठावीसशे म्हटलं. मंडईत वाढलेल्या माणसाला हे करावंच लागतं. ते तीन हजारांवर आले आणि वर हॉर्नच्या स्वाध्यायांचा एक गठ्ठा दिला, त्यांच्या पेन्सिलीच्या खुणांसकट. बहुतेक खुणा ‘इथे घाई नको’ अशा अर्थाच्या आहेत.

पेटी मात्र घरात ठेवता येईना, त्या वासाने लेकीला शिंका यायच्या. नवी केस घ्यायला गेले तर नवाच घोळ. या हॉर्नची बेल जोडलेली, न निघणारी. हल्ली बरेच लोक बेल कापून तिला आटे बसवून घेतात, मग ती वेगळी काढता येते आणि सगळं वाद्य विमानात डोक्यावरच्या कप्प्यात जातं. दुरुस्तीवाल्याने विचारलंही. सांगलीला हॉर्न न्यायचा, बाबांसमोर तो स्वयंभू गंधार वाजवायचा, हा बेत माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होता, आणि नव्यांत निघणाऱ्या बेलचा हॉर्न मिळाला असता, हेही खरं. दोन दिवस विचार केला. करवतीची कल्पना सहन होईना. केस मोठी घेतली, जी विमानात काय, आमच्या गाडीच्या डिकीतही मागची सीट पाडल्याशिवाय मावत नाही.

त्यामुळे सांगलीला जाताना पर्समध्ये फक्त माउथपीस असतं. मुंबई विमानतळावर दर वेळी ते क्ष-किरणात अडकतं, बाहेर काढावं लागतं, आणि हे काय आहे ते सांगूनही कोणाला पटत नाही. गेल्या खेपेला सुरक्षा तपासणीतल्या मुलीने ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, “वाजवून दाखवा.” मी वाजवलं. मागच्या रांगेतलं एक लहान मूल रडायला लागलं, आणि तिने मला जाऊ दिलं.